नियंत्रण कक्षाची परीक्षा कुणी घ्यायची, आणि कशी?

काणकोणकर
नमस्कार मंडळी. मी काणकोणचा. पोळें ओलांडलं की कारवार, आणि तिथून काळी नदीच्या काठाने आत गेलं की कैगा अणुवीज केंद्र. राज्य वेगळं असलं तरी आम्हाला ते शेजारचंच.

माझी भाची प्रॉडक्ट डिझाइन शिकते. तिने प्रकल्पासाठी विषय घेतलाय : अणुवीज केंद्राचा नियंत्रण कक्ष माणसाला साजेसा आहे की नाही हे कसं तपासायचं. परवा जेवताना म्हणाली, "मामा, यंत्राची चाचणी घेता येते, माणसाचीही घेता येते. पण खोलीची कशी घ्यायची?" मी आयुष्यभर गणित शिकवलं, मला उत्तर देता आलं नाही. पण एक गोष्ट मला पक्की वाटते. कुठेही मोठा अपघात झाला की पहिली बातमी येते "ऑपरेटरची चूक". त्या माणसासमोर काय मांडून ठेवलं होतं, हे कुणी आधी विचारत नाही. जाणकारांनी सांगावं : ही तपासणी कधी करतात? इमारत उभी राहिल्यावर की आधी? आणि करतं कोण?

रातपाळी
काका, विषय काढलात ते फार बरं केलंत. मी अणुकेंद्रातला नाही. रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये बोर्डवर, म्हणजे पॅनलपुढे, बसण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. पण आमच्या प्रशिक्षणाची सुरुवातच थ्री माइल आयलंडने व्हायची, म्हणून तिथूनच सांगतो.

२८ मार्च १९७९, पहाटे चार. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या त्या अणुकेंद्राचं दुसरं युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडला आणि परत बसलाच नाही, त्यातून अणुभट्टीचं पाणी बाहेर जात राहिलं. पॅनलवरचा दिवा मात्र विझला. कारण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सोलेनॉइडला (विद्युतचुंबकाला) वीज मिळतेय की नाही, एवढंच दाखवत होता. विझलेला दिवा बघून समोरच्या माणसाने "व्हॉल्व्ह बंद" असं धरलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

ज्या टाकीत ते पाणी पडत होतं तिचे काटे मुख्य पॅनलच्या मागच्या बाजूला. म्हणजे बघायला उठून जायला हवं, आणि उठून जायला आधी शंका यायला हवी. स्टीम जनरेटरांना (वाफ बनवणाऱ्या पात्रांना) जाणाऱ्या सहाय्यक पाण्याचे दोन व्हॉल्व्ह बंद राहिले होते, ते आठ मिनिटांनी ध्यानात आलं. त्यातल्या एकाच्या दिव्यावर दुरुस्तीची चिठ्ठी लोंबत होती. पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म वाजले. अलार्म छापणारा प्रिंटर इतका मागे पडला की कागदावर येत होतं ते तासाभरापूर्वीचं, पुढे तर दोन तासांपूर्वीचं.

हे सगळं एका खोलीत, एका पहाटे. आता सांगा, परीक्षा कुणाची घ्यायची?

दुधसागर
रातपाळी, वर्णन छान, पण पूर्ण पटत नाही. दाब उतरत होता हे काट्यावर दिसत होतंच ना? पाण्याची पातळी चढतेय आणि दाब उतरतोय, हे दोन्ही एकत्र बघून शंका यायला नको? आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आपत्कालीन पाणी कमी केलं. दर वेळी पॅनलवर खापर फोडलं तर प्रशिक्षणाला अर्थ काय उरला?

रातपाळी
दुधसागर, प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षणानेच त्यांना शिकवलं होतं की प्रेशरायझर, म्हणजे भट्टीचा दाब राखणारी टाकी, पाण्याने गच्च भरू द्यायचा नाही. पातळी वर गेली म्हणून त्यांनी पाणी कमी केलं, म्हणजे शिकवलं तेच केलं. भट्टीच्या पात्रात पाणी किती आहे हे थेट दाखवणारा काटा तिथे नव्हताच. प्रेशरायझरच्या पातळीवरून अंदाज करायचा, आणि नेमका त्या दिवशी तो अंदाज उलटा पडत होता.

आणखी एक. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात याच जातीचा व्हॉल्व्ह असाच उघडा राहिला होता. तिथल्या लोकांना साधारण वीस मिनिटांत उमगलं. भट्टी कमी शक्तीवर होती, म्हणून निभावलं. तो धडा दुसऱ्या केंद्रांच्या बोर्डवर बसणाऱ्यांपर्यंत पोचलाच नाही. थ्री माइल आयलंडला त्या उघड्या व्हॉल्व्हच्या वाटेवरचा, पाणी अडवणारा दुसरा व्हॉल्व्ह अखेर बंद झाला तो दोन तास वीस मिनिटांनी, आणि तो बंद करायला लावला नंतर कामावर आलेल्या, ताज्या नजरेच्या माणसाने. आत बसलेल्यांच्या मनात एक चित्र पक्कं झालं की ते त्यांना स्वतःहून मोडता येत नाही. म्हणून पुढे अमेरिकेत प्रत्येक पाळीत एक तांत्रिक सल्लागार नेमला गेला. त्याने बटणांना हात लावायचा नाही, एक पाऊल मागे राहून विचार करायचा.

मांडवीकाठ
एवढा त्रास कशाला? आज संगणक सगळं करतो. माणसाला खोलीतून बाहेर काढा, प्रश्न मिटला.

सुरंगी
मांडवीकाठ, तुमच्याकडे नंतर येते. काकांनी "कधी आणि कोण" विचारलंय, ते आधी सांगते. मी मानवघटक अभियांत्रिकीत, म्हणजे यंत्रं माणसाला साजेशी करण्याच्या क्षेत्रात, काम करते, अणुक्षेत्रात नाही, पण ही पद्धत आम्ही सगळेच वापरतो.

थ्री माइल आयलंडनंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने सगळ्या केंद्रांना आपापले कक्ष तपासायला लावले. त्यासाठी १९८१ साली न्यूरेग-०७०० नावाची मार्गदर्शिका आली. अक्षरं किती मोठी, दिव्यांचे रंग काय, बटण हाताच्या टप्प्यात आहे का, असा तिचा तपशील. तपासणारा यादी घेऊन पॅनलपुढे उभा राहतो. हे हवंच, पण पुरेसं नाही. प्रत्येक बटण नियमात बसलं तरी सगळी खोली मिळून माणसाला गोंधळात टाकू शकते.

म्हणून १९९४ मध्ये न्यूरेग-०७११ आली. ती तयार वस्तू न बघता ती वस्तू कशी घडली ते बघते. काका, तुमच्या "आधी की नंतर" याचं उत्तर इथे आहे : कागदावर पहिली रेघ ओढण्याच्या आधीपासून. जुन्या केंद्रांत काय काय बिघडलं ते आधी गोळा करा. मग कोणतं काम यंत्राने करायचं, कोणतं माणसाने, ते ठरवा. मग एकेक काम सोडवा : ते करायला माणसाला कोणती माहिती लागते, किती वेळात, हातात काय लागतं, आणि काम झालं हे त्याला कशावरून कळणार? हा शेवटचा प्रश्न थ्री माइल आयलंडच्या दिव्याबद्दल कुणी विचारला असता तर तो दिवा तसा राहिलाच नसता. एवढं झाल्यावर पॅनलचं चित्र.

आणि शेवटी खरी परीक्षा. हुबेहूब सिम्युलेटर, म्हणजे कक्षाची चालती नक्कल, त्यात खऱ्या पाळीतला खरा चमू, आणि त्यांना आधी न सांगितलेला बिघाड. बाजूला बसून आम्ही बघतो : कुणी काय बघितलं, कुणाला काय सांगितलं, कुठे थबकले. मध्येच सिम्युलेशन गोठवून, पडदे काळे करून विचारतात, "आत्ता दाब किती होता? वाढत होता की उतरत होता?" मिका एंड्सली यांची ही पद्धत. नंतर कामाचा ताण मोजायला नासाची सहा अंगांची प्रश्नावली : बौद्धिक मागणी, शारीरिक मागणी, वेळेची घाई, काम किती जमलं, कष्ट, वैताग. जे खटकलं त्याची नोंद, आणि प्रत्येक नोंदीचं पुढे काय झालं त्याचा हिशेब.

आता "कोण". ज्यांनी कक्ष आखला त्यांनी ही शेवटची परीक्षा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खांडेपारचो
सुरंगीबाय, दिव्यांच्या रंगावरून आठवलं. मी वीज सबस्टेशनात काम केलंय. आमच्याकडे लाल म्हणजे ब्रेकर चालू, वीज आहे. हिरवा म्हणजे बंद. रस्त्यावरच्या सिग्नलच्या अगदी उलट. नवीन पोरगा आला की पहिले काही दिवस त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. लाल बघितलं की काहीतरी बिघडलं असं वाटायचं त्याला.

सुरंगी
अगदी हेच, दादा. अमेरिकेच्या अणुकेंद्रांतही लाल म्हणजे उघडा किंवा चालू, हिरवा म्हणजे बंद. विजेच्या धंद्यातून आलेली जुनी रीत. ती बदलायची की नाही यावर वाद आहेत, पण एकाच खोलीत दोन रीती नकोत हे सगळ्यांना मान्य आहे. नवा संगणकी पडदा एका कंपनीचा, जुनं पॅनल दुसऱ्याचं, असं झालं की पहिला घोळ इथेच होतो.

पेडणेंकार
असं वाचलंय की काही अमेरिकी केंद्रांत एकसारख्या दांड्या ओळीने होत्या, त्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून ऑपरेटरांनी त्यांना बिअरच्या नळांच्या मुठी बसवल्या. गोव्यात केलं तर ओढून बघायला अर्धं गाव रांगेत उभं राहील 😄

सुरंगी
😄 खरी गोष्ट आहे, आणि मला ती मनापासून आवडते. पॅनलवर चिकटपट्टी, हाताने लिहिलेली चिठ्ठी, रंगवलेली दांडी दिसली की समजायचं, इथे आखणी कमी पडली आणि माणसाने ती स्वतः भरून काढली. काका, भाचीला सांगा, कुठल्याही कक्षात गेल्यावर आधी या चिकटवलेल्या गोष्टींचे फोटो घ्यायची परवानगी माग. त्याहून प्रामाणिक अहवाल मिळणार नाही.

सत्तरीची सई
मी परिचारिका. अतिदक्षता विभागात. पॅनल नाही आमच्याकडे, पण मॉनिटर आहेत, आणि रातपाळी यांनी अलार्मचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. मी पूर्वी होते त्या एका इस्पितळात नवीन मॉनिटर आले तेव्हा सगळ्या मर्यादा कारखान्यातून आल्या तशाच ठेवलेल्या. पेशंटने कूस बदलली तरी वाजायचं. थोड्याच दिवसांत सगळ्यांचे हात न बघता आवाज बंद करायला जाऊ लागले. आम्ही वारंवार सांगितलं, उत्तर यायचं, "सिस्टर, लक्ष द्या." लक्षच देत होतो हो. इतक्या हाकांमधली खरी कोणती ते कसं ओळखायचं?

रातपाळी
सईताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आमच्या धंद्यात यावर आकडे ठरलेत. ईईएमयूए १९१ ही मार्गदर्शिका सांगते की रोजच्या शांत कामात एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकच अलार्म यावा. दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की त्याला अलार्मचा पूर म्हणतात. तेव्हा माणूस वाचत नाही, नुसता ॲक्नॉलेज करतो, म्हणजे बटण दाबून पोच देतो. आणि ज्या अलार्मवर माणसाने करण्यासारखं काही नसतं तो मुळात अलार्मच नव्हे, नोंद आहे. ती यादीत जाऊ दे, भोंग्यावर कशाला?

दीपस्तंभ
मांडवीकाठ यांच्या "माणूस काढा" वर. १९८३ साली लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी याचं फार नेमकं उत्तर देऊन ठेवलंय. सोपी कामं यंत्राला दिली की माणसाकडे उरतात ती सगळ्यात अवघड, आणि तीही क्वचित येणारी. रोजचा हात सुटलेला असतो, आणि यंत्र हरतं त्या क्षणी त्याच माणसाकडून सर्वोत्तम कामाची अपेक्षा.

कैगाचंच बघा. पहिलं युनिट १३ मे २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ असं सलग ९६२ दिवस चाललं. तेव्हाचा जागतिक विक्रम, आधीचा ब्रिटनमधल्या हेशमचा ९४० दिवसांचा होता. अभिमानाची गोष्ट आहे आणि मला ती आहेच. पण बोर्डवर बसणाऱ्याच्या बाजूने विचार करा. एवढ्या काळात त्या युनिटची एकही ट्रिप त्याने प्रत्यक्ष पाहिली नाही. केंद्र जितकं चांगलं चालेल तितका सिम्युलेटरवरचा सराव जास्त लागेल. कक्षाचं मूल्यमापन करताना सरावाची सोय त्यातच धरली पाहिजे.

मांडवीकाठ
दीपस्तंभ, हे पटलं. निरोगी केंद्रात सराव घटतो हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण मग निदान पहिली काही मिनिटं तरी यंत्राकडे द्यावी. घाबरलेल्या माणसाच्या हातात का द्यायची?

दीपस्तंभ
देतातच. भट्टी बंद करणं आपोआप होतं, माणसाची वाट बघत नाही. आखणी करतानाच धरतात की पहिली काही मिनिटं माणसाने काही केलं नाही तरी केंद्र सुरक्षित राहिलं पाहिजे. तो वेळ माणसाला समजून घ्यायला मिळावा म्हणून.

वास्कोकार
कैगाचा विषय निघालाच आहे तर, १९९४ मध्ये बांधकाम चालू असताना तिथल्या घुमटाचा आतला थर कोसळला होता, आठवतंय का कुणाला? तेव्हा आमच्याकडे नाक्यावर दुसरं बोलणंच नव्हतं. कारवारची मासळी घ्यावी की नाही यावर आमच्या आजीने घरात सभा भरवलेली. भट्टी तेव्हा सुरूच झाली नव्हती हे तिला समजवायला बाबांना खूप वेळ लागला.

पेडणेंकार
वास्कोकार, आजीने शेवटी इसवण घेतला की नाही ते सांगा आधी 😄

वास्कोकार
घेतला. पण मडगावचा.

सुरंगी
मंडळी, मासळीसाठी वेगळा धागा काढा, मीही येते. इथे कक्षाचं पूर्ण करू या.

दुधसागर
मी मगाशी वाद घातला, आता दुसऱ्या बाजूने भर घालतो. आपल्या देशातलं उदाहरण कुणीच घेतलं नाही. नरोरा, उत्तर प्रदेश, ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनच्या सुमारास. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनला आग लागली, केबली जळत गेल्या आणि पहिल्या युनिटची वीज जवळजवळ सतरा तास गेली. धूर नियंत्रण कक्षात शिरला आणि लोकांना बाहेर पडावं लागलं. पर्यायी कक्ष होता, पण त्यालाही वीज नव्हती. कर्मचारी टॉर्च घेऊन चढून गेले आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं, भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून.

म्हणजे पॅनलवरचे दिवे आणि अक्षरं कितीही उत्तम असोत, खोलीत श्वासच घेता येत नसेल तर? हवा कुठून येते, धूर कुठून शिरतो, दोन्ही बाजूंच्या केबली एकाच वाटेने जातात का, हेही मानवघटकांतच धरायला हवं. आणि त्या लोकांनी अंधारात जे केलं त्याला कुणी "मानवी चूक" म्हणत नाही. त्या दिवशी केंद्र वाचवलं ते माणसांनी.

रातपाळी
दुधसागर, ही पोस्ट धाग्यात सगळ्यात वर पाहिजे. फुकुशिमाचंही तेच. ११ मार्च २०११ ला लाटेने बॅटऱ्यासुद्धा गेल्या, काटे मेले. ऑपरेटरांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणून जोडल्या, पाण्याची पातळी वाचायला. पहिल्या युनिटचा आयसोलेशन कंडेन्सर (भट्टी थंड करणारी यंत्रणा) चालू आहे की बंद, याबद्दल कक्षात आणि बाहेर वेगवेगळी समजूत होती.

आणि वेळा बघा. थ्री माइल आयलंड पहाटे चार. चेर्नोबिल रात्री एक तेवीस. नरोरा पहाटे साडेतीन. डेव्हिस-बेसीला १९८५ मध्ये ऑपरेटरने चुकीच्या जोडीची बटणं दाबली आणि दोन्ही स्टीम जनरेटरांचं सहाय्यक पाणी तुटलं, तेही रात्री दीडच्या सुमारास. सिम्युलेटरवरच्या परीक्षा मात्र सकाळी दहाला, चहा-नाश्ता करून! ही परीक्षा पहाटे तीनला घ्यावी, पाळीच्या सहाव्या तासाला, असं मला कळकळीने वाटतं.

दीपस्तंभ
रातपाळी, इथे जरा थांबवतो. फुकुशिमा दुपारी पावणेतीनला सुरू झालं. नरोराची पाती दिवसाही तुटली असती. रात्रीने बिघाड होत नाही. रात्री चमू लहान असतो, वरिष्ठ घरी असतात, सावरायला वेळ लागतो. म्हणून परीक्षा पहाटे घ्या हे मान्य, पण रात्रीइतक्याच कमी माणसांनिशी घ्या. नाहीतर नुसती झोपमोड होईल.

रातपाळी
मान्य. कमीत कमी माणसं, पहाटे, आणि फोन उचलायला वरिष्ठ नाही.

सत्तरीची सई
आणि कक्षात बायकाही बसतात हे धरा. खुर्ची, पॅनलची उंची, वरच्या ओळीतली बटणं कुणाच्या मापाने?

सुरंगी
सई, परदेशी नियमात पाच शतमकाच्या (शंभरात पाचजणीच जिच्याहून लहान, अशा) लहान स्त्रीपासून पंचाण्णव शतमकाच्या मोठ्या पुरुषापर्यंत सगळ्यांना पोचता आलं पाहिजे असं धरतात. पण ती मापं तिकडची. आपल्यासाठी अहमदाबादच्या एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचा संग्रह काढला, भाचीने तोच वापरावा. आयात आराखडा जसाच्या तसा घेतला तर आपल्या बुटक्या ऑपरेटरला वरची ओळ टाचा उंचावून गाठावी लागते.

काणकोणकर
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने सगळा धागा वाचला, काही उतारे मोठ्याने वाचून दाखवले. आता तिची अडचण : अणुकेंद्राच्या कक्षात विद्यार्थिनीला कोण सोडणार? आणि सिम्युलेटरही मिळणार नाही. मग काय तपासायचं?

सुरंगी
काका, तिला म्हणावं, कक्ष मोठा असायची गरज नाही. पाणी शुद्धीकरण केंद्र, सबस्टेशन, कारखान्याचा बोर्ड, काहीही चालेल. पद्धत तीच. एकच काम निवड, उदाहरणार्थ पंप बंद पडल्यावर दुसरा सुरू करणं. ऑपरेटरला "पॅनल कसं आहे" असं विचारू नको, सवयीने "बरं आहे" म्हणतील. "करून दाखवा" म्हण, हात न लावता, नुसतं बोट दाखवत, आणि बोलत. कुठे नजर गेली, कुठे पाय गेले ते कागदावर काढ. मग पॅनलचा पुठ्ठ्याचा नमुना करून मांडणी बदल आणि दुसऱ्या ऑपरेटरकडून तेच काम करून घे. न्यूरेग-०७११ मोफत वाचायला मिळते, तिचा कामाच्या विश्लेषणाचा भाग आधी वाचावा.

दुधसागर
एक शंका. दोन-तीन ऑपरेटरांवरून कक्ष चांगला की वाईट कसं ठरवणार? गणिताचे मास्तर, तुम्हीच सांगा.

काणकोणकर
दुधसागर, सरासरी काढायची असेल तर दोन-तीन माणसं काहीच नव्हेत. पण इथे सरासरी नकोच आहे ना. तीनपैकी एकजण जरी त्या दिव्यावर फसला तरी तो दिवा फसवू शकतो हे सिद्ध झालं. उलटं मात्र म्हणता येणार नाही. तिघंही फसले नाहीत म्हणून दिवा निर्दोष, असं लिहिलं तर मी तिचे गुण कापेन.

सुरंगी
काका, आमच्या क्षेत्रातली जाणती माणसं यावर अजून भांडतात आणि तुम्ही दोन वाक्यांत मांडलंत. खऱ्या केंद्रांच्या परीक्षेतही मोजकेच चमू मिळतात, म्हणून बिघाडांचे प्रसंग वाढवायचे आणि ते मुद्दाम अवघड निवडायचे.

रातपाळी
भाचीला आमच्या जुन्या कारखान्यात घेऊन जायची परवानगी मी विचारतो, तिथले लोक अजून ओळखतात. पाळी बदलायच्या अर्धा तास आधी पोचायला हवं. जाणारा येणाऱ्याला काय सांगतो, लॉगबुकात काय लिहितो आणि काय नुसतंच तोंडी सांगतो, हे तिने आधी ऐकावं. पॅनल त्यानंतर. काका, कळवा कोणत्या आठवड्यात जमेल. चवथीच्या आधी असेल तर बरं, नंतर अर्धे लोक रजेवर असतात.

काणकोणकर
चवथीच्या आधीच येऊ. ती सुरक्षा बूट विकत घ्यायला आत्ताच बाहेर पडली.